माळवदावरून ऐकलेलं लंडन

1954 चा ऑक्टोबर. 12 तारीख संपून दोन तास झालेत. तुम्ही परभणीत एका जुन्या माळवदावर घोंगडी टाकून पडला आहात. कोजागरी नुकतीच होऊन गेली, चंद्र अजून भरलेला आहे आणि त्या उजेडात छताची पांढरी माती लख्ख दिसतेय. स्टेशनाकडून मीटरगेज गाडीची शिटी येते. खाली अंगणात बैल रवंथ करताहेत, त्यांच्या गळ्यातली घंटी मधूनच वाजते.

तुम्ही महाराष्ट्रात नाही, हे आधी ध्यानात घ्या. ते राज्य अजून व्हायचं आहे. तुम्ही हैदराबाद राज्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत इथे निजामाचा अंमल होता. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, आणि मराठी घरात, शेतात, देवळात. ज्यांच्याकडे तुम्ही उतरलात त्या आबांचं उर्दू अक्षर मराठीपेक्षा देखणं आहे. मागच्याच वर्षी, 7 सप्टेंबर 1953 ला, याच गावात सरकारी नोकरी करता करता बी. रघुनाथ गेले. मराठीला मान नव्हता त्या काळात ते परभणीत बसून मराठी कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. आपल्या बोलण्याला जागा मिळावी म्हणून माणसं किती काळ वाट पाहतात, याचा अंदाज यायला हे नाव पुरेसं आहे.

आता कान लंडनकडे लावा. तिथे मंगळवारची संध्याकाळ आहे, साडेआठ वाजलेत. बीबीसीच्या होम सर्व्हिसवर ‘द गून शो’ लागतोय. ती सेवा परभणीपर्यंत पोचत नाही, पण तुम्ही ज्या वाटेने 1954 सालात आलात तिला लहरींची गरज नाही. आजच्या भागाचं नाव आहे ‘द ड्रेडेड बॅटर-पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी’. बेक्सहिल हे दक्षिण इंग्लंडमधलं समुद्राकाठचं गाव. गोष्ट 1941 सालची, महायुद्धातली. गावात दिवे लावायला बंदी आहे. आणि अंधारात कुणीतरी येणाऱ्याजाणाऱ्यांना बॅटर पुडिंग फेकून मारतंय. मैदा, दूध आणि अंडी कालवून भाजलेला हा पदार्थ.

एक म्हातारा आणि एक म्हातारी काळोखातून घरी चाललेत. पुडिंग येऊन म्हातारीला लागतं. काय लागलं ते बघायला म्हातारा काडी ओढतो. समुद्रात जर्मन जहाजं आहेत, उजेड करू नका, असं त्याला बजावलं जातं. इतक्या लांबून काडीचा उजेड दिसतो थोडाच, असं म्हणायला आणि तोफगोळा येऊन पडायला एकच गाठ. माळवदावर पडल्यापडल्या तुमच्यासमोर किनारा उभा राहिलाय, काळोख आहे, वारा आहे, ते दोघं लटपटताहेत. खरं तर तिथे यातलं काहीच नाही. लंडनच्या एका सभागृहात रविवारीच प्रेक्षकांपुढे या भागाचं ध्वनिमुद्रण झालं. मायक्रोफोनसमोर हातात कागद घेऊन उभी असलेली तीन माणसं, बाजूला वाद्यवृंद, आणि आवाज काढायच्या सामानाचा ढीग.

ती तीन माणसं म्हणजे हॅरी सीकोम्ब, पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन. सीकोम्ब बहुतेक वेळ एकाच पात्राचा, नेडी सीगूनचा आवाज देतो. उरलेली सगळी दुनिया बाकीचे दोघं उभी करतात. मघाचा म्हातारा सेलर्स होता, आणि म्हातारी मिलिगन. बहुतेक संहिता मिलिगनच लिहितो, कधी एकटा, कधी लॅरी स्टीफन्स किंवा एरिक साइक्स यांच्यासोबत. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग. त्या ओझ्याखाली 1952 मध्ये तो मनाने इतका खचला होता की त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. आवाजासाठी तो किती झटे याची एक गोष्ट सांगतात. चिखलात काहीतरी थपकन पडल्याचा आवाज त्याला हवा होता. बीबीसीच्या उपाहारगृहातून त्याने कस्टर्ड मागून घेतलं, पायातल्या मोज्यात भरलं आणि तो मोजा गरगर फिरवून फळीवर आपटला.

जो तोफगोळ्यावर हसवतोय तो स्वतः तोफखान्यातला सैनिक होता. 1944 मध्ये इटलीत, माँटे कसिनोच्या लढाईच्या दिवसांत, उखळी तोफेचा गोळा त्याच्याजवळ फुटला. तो जखमी झाला आणि त्या धक्क्यातून त्याचं मन कधी पुरतं सावरलं नाही. हे माहीत झाल्यावर काडी ओढण्याचा तो प्रसंग पुन्हा आठवा. हसू तेवढंच येतं, पण पोटात खड्डा पडतो. मला हा भाग फार मोठा वाटतो तो यासाठी. ज्या आवाजाने त्याला मोडलं, तोच आवाज त्याने हजारो घरांत नेला आणि लोकांना त्याची भीती वाटेनाशी केली.

आणि हा माणूस जन्मला कुठे? तुमच्या माळवदावरून पश्चिमेकडे पाहा. मधे बीड जिल्हा, त्याच्या पलीकडे अहमदनगर. आता आपण त्याला अहिल्यानगर म्हणतो. 16 एप्रिल 1918 रोजी स्पाइक मिलिगन तिथल्या छावणीत जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत होते, हौशी रंगमंचावर गाणी-नकला करायचे. बालपण पुण्यात गेलं, मग रंगूनला, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तो इंग्लंडला गेला. छावणीतल्या पोराच्या कानावर एकाच दिवसात किती तऱ्हा पडतात: कवायतीचे हुकूम, आयाची हिंदुस्तानी, बिगूल, बाजार. लंडनमध्ये बसून हा माणूस दहा गळ्यांनी बोलतो त्याची शिदोरी त्याने कुठून बांधून नेली असेल, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र बोचते. या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रं अधूनमधून येतात. आवाज मिलिगन आणि सेलर्सचेच. सेलर्स युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात फिरला होता. नक्कल हुबेहूब आहे, पण हसणं आपल्या उच्चारांवर आहे, आणि तिथे आपला कुणी उत्तर द्यायला नाही. माळवदावर तुम्ही एवढा वेळ हसत होता. ही जोडी मायक्रोफोनपुढे आली की तुम्ही गप्प व्हाल, आणि ते बरोबरच आहे.

काही महिने पुढे सरका. थंडीतली संध्याकाळ. आबांच्या ढेलजेत बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्यावर विणकामाचा रुमाल आहे, आणि छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली. पोस्टात वर्षाची फी भरून घेतलेलं लायसनचं पुस्तक फडताळात जपून ठेवलंय. बटण फिरवलं की लगेच काही ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे थांबतात. काचेमागे पिवळा उजेड चढत जातो, मग खरखर, मग आवाज.

याच रेडिओने 17 सप्टेंबर 1948 पाहिला आहे. आबा ते सांगतात तेव्हा आजही आवाज खाली घेतात.

“तवा गल्लीत हाच एक रेडिओ. दार लावून, कडी घालून ऐकायचो. बारीक आवाजात. बाहीर रझाकारायची भ्या. त्या रोजी हैदराबादहून सांगितलं, निजाम सरकारनं हार मानली. खरं वाटंना. मग दिल्ली लावलं. तिथंबी तेच. तवा कुठं कडी काढली.”

ढेलजेत बसलेल्या या लोकांचे कान असे तयार झालेत. निजामाचा डेक्कन रेडिओ होता तेव्हा त्यावर मुख्य भाषा उर्दू, मराठीला थोडा वेळ. नंतर आकाशवाणी आली. केंद्र हैदराबादला, औरंगाबादचं छोटं केंद्र तेवढ्यात बंदही पडलं. रेडिओ म्हणजे हुकूम, बातमी आणि दूर कुणीतरी शुद्ध भाषेत बोलत असलेला मोठा माणूस. त्यावर हसायचं असतं, हे इथे अजून कुणाला सुचलेलं नाही. गाण्यांसाठी पोरं रेडिओ सिलोन लावतात.

आज सिलोन शोधताना लघुलहरीवर सुई जरा पुढे जाते आणि लंडन लागतं. बीबीसीची परदेशांसाठीची सेवा आहे. ‘गून शो’चे भाग तिच्यावरून, आणि तबकड्यांवर उतरवून, कॉमनवेल्थच्या देशांत पाठवले जातात. आवाज वर येतो, बुडतो, पुन्हा वर येतो. ढेलजेत कुणालाही त्यातलं अक्षर कळत नाही. पण मधेच धाडकन काहीतरी फुटतं, कुणीतरी लांबवर पळत जातं, पावलं विरत विरत जातात आणि परत भलत्याच बाजूने येतात. आबांचा लहानगा नातू खदखदून हसायला लागतो.

“काय म्हणायलेत हे?” आबा तुम्हाला विचारतात.

तुम्ही सांगू लागता. दोन म्हातारे, काळोख, पुडिंग, तोफ. सांगताना तुम्हालाच जाणवतं, यातलं हसू सांगण्यात उरत नाही. आबा मात्र मान हलवतात.

“असं म्हणा की. रायरंद हाय मग हा. एक मानूस, धा सोंगं.”

याहून नेमका शेरा मी गून शोबद्दल कुठे वाचला नाही. रायरंद म्हणजे मराठवाड्यातला बहुरूपी. सुगीच्या दिवसांत गावात येतो, आज फौजदार, उद्या डॉक्टर. फौजदार होऊन दारात उभा राहतो आणि यमकात बोलून घरच्या कर्त्या माणसावर असला खटला भरतो की शेजारीपाजारी गोळा होतात. हुकूम सोडणाऱ्या आवाजालाच तो आपल्या गळ्यात घेतो. ज्या गावाने खऱ्या फौजदाराची धास्ती घेतलेली असते, तेच गाव या खोट्या फौजदारापुढे पोट धरून हसतं. गोंधळातही हेच. नाईक आख्यान लावतो आणि साथीदार मधे तोंड घालतो, भोळेपणाचा आव आणून नको तो प्रश्न विचारतो, आख्यान अडतं, हशा होतो, संबळावर थाप पडते आणि गाडी पुढे जाते. परभणीच्या राजारामबापू कदमांनी हा गोंधळ इथून दूरवर नेला. आणि गोदाकाठच्या नाथांचं भारूड तर सोंग घेऊन, आवाज बदलून करायची चीज. वेडी, जोशी, विंचू चावलेला, आंधळा, सगळे एकाच माणसाच्या गळ्यातून.

तेव्हा ढेलजेतल्या या लोकांना एका गळ्यातून दहा माणसं ऐकण्याची सवय चारशे वर्षांची आहे. त्यांना कमी आहे ती एकाच गोष्टीची. त्या पेटीतून आपल्यासारखं कुणी बोलत नाही.

साठच्या दशकात या. परभणी आता महाराष्ट्रात आहे. रात्र पडली की मध्यमलहरी लांबचा पल्ला गाठतात आणि मुंबई केंद्र मराठवाड्यात ऐकू येतं, कधी स्वच्छ, कधी मधे दुसऱ्याच भाषेतली बातमी घुसलेली. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’चं नाव इथपर्यंत आलं आहे. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांचे आवाज. नवरा, बायको आणि घरी येणारे भावजी, एवढंच भांडवल. घरखर्च, महागाई, पाहुणे, सरकारच्या नव्या योजना, आणि या सगळ्यातून निघणारी खुसखुशीत बाचाबाची. इथे तोफा नाहीत, पुडिंग नाही. चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला की मुंबईतली ती खोली डोळ्यांपुढे येते.

आबांच्या सूनबाई चुलीजवळून ऐकताहेत. भाकरी थापता थापता हसताहेत. मीनावहिनीचा टोला बसला की त्यांच्या हाताची थापही जोरात पडते. सासऱ्यांसमोर त्या कधी मोठ्याने हसलेल्या नाहीत, आज हसताहेत, आणि आबाही ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत. घराघरांत हे झालं असणार. एका बाईने नवऱ्याला रेडिओवर चारचौघांत गप्प केलेलं ऐकणं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

भाषा मराठी आहे, सगळं कळतं. तरी काही अंतर राहतं. त्या घरात नळ आहे, गॅलरी आहे, नवरा सकाळी लोकल पकडतो. “इकतं ग्वाड बोलत्यात, भांडत्यातबी ग्वाडच,” सूनबाई म्हणतात. हे कौतुक आहे आणि त्यात थोडी हुरहुरही आहे. आपण भांडलो तर असं रेडिओवर लावतील का, असं त्यांनी विचारलेलं नाही. पण तुम्हाला ते ऐकू येतं.

आता 1974. परभणीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र आहे. औरंगाबादचं केंद्र सुरू व्हायला अजून दोन वर्षं आहेत, म्हणजे या घडीला मराठवाड्याचा आवाज परभणीहून जातो. दोन वर्षांपूर्वी दुष्काळाने सगळ्यांची कंबर मोडली. दोन वर्षांपूर्वीच, 18 मे 1972 ला, इथे कृषी विद्यापीठ सुरू झालं. मराठवाडा विकास आंदोलनाने पोरं रस्त्यावर आणलीत. तुम्ही मानवतला आहात. कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय. सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाल्यापासून माप व्हायला वेळ लागतो, म्हणून लोक गाड्या सोडून हॉटेलात बसलेत. फळीवर ट्रान्झिस्टर, त्याला चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर. मालकाने दुपारी त्याचे सेल उन्हात ठेवून थोडी धुगधुगी परत आणलीय.

बाजारभाव होतात. मग शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागतो. आकाशवाणीच्या बहुतेक केंद्रांवर या कार्यक्रमाची एक घडण असते, इथेही तीच आहे. एक वडीलधारा आवाज, एक खोडकर आवाज, आणि मधे विद्यापीठातून आलेले साहेब. साहेब छापील मराठीत फवारणीचं प्रमाण सांगतात. खोडकर लगेच अडवतो, “साहेब, ते पुन्यांदा सांगा, आमच्या मामाला लिटर कळंना, चरवीत सांगा.” मामा चिडतो. हॉटेलात हशा उठतो आणि त्या हशात फवारणीचं माप प्रत्येकाच्या डोक्यात बसतं. गोंधळातला नाईक आणि त्याचा साथीदार आता स्टुडिओत जाऊन बसलेत, एवढंच.

गाडीवरचा एक पोरगा कपातला चहा तसाच ठेवून ट्रान्झिस्टरकडे बघत राहिलाय.

“आबे, आपल्यावानीच बोलायलेत की हे.”

त्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्या. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासात बघण्यासारखं काही असेल तर हे. लंडनचा कार्यक्रम जगभर गाजला, मुंबईचा महाराष्ट्रभर. मानवतच्या हॉटेलातला हा विनोद त्यांच्यापुढे साधा आहे, संहिता घाईत लिहिलेली आहे, कलाकार दिवसा दुसरी नोकरी करतात. पण या पोराच्या आज्याच्या पिढीने जो आवाज कडी लावून ऐकला, तो आवाज आज त्याच्यासारखं बोलतोय. त्याचं ‘बोलायलेत’ आणि ‘कळंना’ हे अडाण्याचं बोलणं नव्हे, याची ग्वाही त्याला सरकारी पेटीने दिली आहे.

त्या स्टुडिओत डोकावून या. भिंतींना भोकं पाडलेल्या फळ्या, दारावर लाल दिवा. कोपऱ्यात नारळाच्या करवंट्या आहेत, घोड्यांच्या टापांसाठी. खडीने भरलेला ट्रे, पावलांसाठी. पत्र्याची मोठी तगडी हलवली की आभाळ गडगडतं. चुरगाळलेल्या चकचकीत कागदातून जाळ निघतो. जगातल्या कुठल्याही रेडिओ केंद्रात श्रुतिकेचं सामान थोड्याफार फरकाने हेच. 1958 मध्ये बीबीसीने विजेवरच्या आवाजांसाठी वेगळी कार्यशाळा काढली, आणि तिथल्या सुरुवातीच्या कामांत गून शोमधल्या मेजर ब्लडनॉकच्या बिघडलेल्या पोटाचा गुरगुराट होता. परभणीत पोटाचा गुरगुराट तोंडानेच काढतात. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

1979 पटकन बघून घेऊ, कारण तिथे एक जुना हिशेब मिटतो. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे एकटे रंगमंचावर येतात आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू होतं. एक माणूस, सुमारे तीन तास, 52 पात्रं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड विमानाने लंडनला लग्नाला जातं. म्हातारे, पोरं, बायका, रुसलेले पाहुणे, हवाईसुंदरी, गोरी माणसं, सगळे त्या एका गळ्यातून. रंगमंचावर सामान जवळजवळ नाही. 2004 मध्ये गिनीज बुकात त्यांच्या विक्रमाची नोंद झाली, 22 फेब्रुवारी 2009 ला ते गेले. हा प्रयोग रंगमंचाचा खरा, पण त्याच्या कॅसेटी निघाल्या आणि त्या एस.टी. स्टँडवरच्या दुकानांपासून लग्नाच्या मांडवांपर्यंत वाजल्या. ज्यांनी देशपांड्यांना कधी पाहिलं नाही अशा हजारो लोकांनी ते विमान कानांनी पाहिलं. लंडनने लालकाका-बॅनर्जींच्या तोंडून आपल्या उच्चारांची नक्कल केली होती. पंचवीस वर्षांनी मराठवाड्याची बोली लंडनच्या विमानतळावर उतरली आणि तिने तिथल्या माणसांची नक्कल केली, तीही कुणाला न दुखावता. माझ्या मते देशपांडे मिलिगनच्या तोडीचे होते. मिलिगनला तीन जणांत जे साधलं ते त्यांनी एकट्याने केलं.

आता आजच्या परभणीत परत या. मोबाइल काढा. बेक्सहिलच्या पुडिंगवाल्याचा तो 1954 चा भाग तुम्हाला आत्ता, याच मिनिटाला ऐकता येईल. गून शो 28 मे 1951 ला सुरू झाला आणि 28 जानेवारी 1960 ला संपला. त्याच्या पहिल्या तीन मालिकांतले जवळजवळ सगळे भाग हरवले, कारण तेव्हा ते जपून ठेवावेत असं कुणाला वाटलं नाही. 1954 नंतरचे बहुतेक वाचले, त्यात परदेशी पाठवायला काढलेल्या नोंदींचा हात मोठा. हौशी मंडळींनी जुन्या घरगुती फिती शोधून काढल्या, संहिता छापल्या, कोणता आवाज कुणाचा याच्या याद्या केल्या. म्हणून सत्तर वर्षांनी तुम्ही ती काडी ओढल्याचा आवाज ऐकू शकता.

मानवतच्या हॉटेलातला तो मामा आणि तो खोडकर आवाज मात्र शोधून पाहा. श्रुतिका थेट प्रसारित व्हायच्या किंवा फितीवर घेऊन वाजल्यावर तीच फीत पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची. फीत महाग होती, पैसा थोडा होता, जगभरच्या केंद्रांची हीच रीत होती. त्यासाठी कुणाला दोष देऊन काही हाती येणार नाही. पण घरांमध्ये अजून पुष्कळ काही पडून आहे. सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, मानवत इथल्या किती घरांच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींचा डबा असेल. कुणी रेडिओसमोर मायक्रोफोन धरून कार्यक्रम उतरवून घेतलेला. कुणी यात्रेतलं सोंगी भारूड, कुणी लग्नातला गोंधळ. रेडिओवर काम केलेल्या माणसाच्या घरी आकाशवाणीचा कंत्राटाचा कागद असतो. त्यावर तारीख, कार्यक्रम आणि मानधन लिहिलेलं असतं. कार्बन लावून काढलेली संहितेची प्रतही कधी त्यासोबत निघते.

तो डबा खाली काढा. जुनी कॅसेट घाईने कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका, चिकटलेली फीत पहिल्याच फेरीत तुटते. जाणत्या माणसाकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या. उन्हापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून ती लांब ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐका, आणि कोण बोलतंय, कोणतं साल, कोणतं गाव, ते तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण आवाज ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. एक प्रत आकाशवाणीच्या परभणी केंद्राला द्या, एक जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला, एक गावच्या वाचनालयाला. हे काम या हिवाळ्यातच करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.